हवेचा जमाखर्च

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडचे व्यापारी हिशेबाच्या वहीची पूजा करतात. धनाला हात जोडणे कोणालाही समजेल. वहीला हळदकुंकू वाहण्याची रीत मात्र मला फार शहाणपणाची वाटते. वही म्हणजे धन नव्हे. कोणाचे किती देणे आहे याचा विसर पडू नये म्हणून माणसाने स्वतःवर घालून घेतलेले ते बंधन आहे. नोंद करायची राहिली म्हणून देणे फिटले, असे सचोटीचा माणूस म्हणत नाही. हवेच्या बाबतीत मात्र आपण सगळे नेमके तेच म्हणत आलो आहोत.

मी छावणीत राहतो. पश्चिमेला वाळूजचे कारखाने, पूर्वेला छत्रपती संभाजीनगर शहर आणि त्यापलीकडे चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत. आमची वस्ती मधोमध. पावसाळ्यात वारा बहुधा वाळूजकडून येतो, हिवाळ्यात शहराकडून. छावणीचा कारभार वेगळा आणि महापालिकेचा वेगळा. पण वाऱ्याला ही हद्द ठाऊक नाही.

या वाऱ्याबरोबर येणारा धूर दिसतो, वास नाकाला कळतो. डायॉक्सिन नावाचे विष मात्र ना दिसते, ना जाणवते. ते विकण्यासाठी कोणी तयार करीत नाही. क्लोरीन असलेला पदार्थ अर्धवट जळला आणि त्याचा धूर २०० ते ४५० अंशांच्या दरम्यान रेंगाळला, की ते आपोआप बनते. जोडीला तांबे असले तर अधिकच. म्हणून भट्टीची चिमणी जशी त्याची जननी, तशीच तांब्यासाठी जाळलेली प्लॅस्टिकची वायर आणि गल्लीच्या कोपऱ्यावर पेटवलेला कचराही. ते जमिनीवर उतरते, चाऱ्यातून गुरांत आणि दुधातून माणसात येते, आणि शरीरातला त्याचा साठा निम्मा व्हायला सात ते अकरा वर्षे लागतात. १० जुलै १९७६ रोजी इटलीतील सेवेसो गावाजवळच्या कारखान्यातून याचा ढग सुटला. कोंबड्या आणि ससे मेले, मुलांच्या अंगावर फोड उठले; पण त्या ढगात काय होते, हे गावकऱ्यांना कळायला आठवड्याहून अधिक काळ गेला.

असे विष मोजायचे कसे? एक पंप दिवसभर, कधी त्याहून अधिक वेळ, शेकडो घनमीटर हवा गाळणीतून आणि फोमच्या तुकड्यातून ओढून घेतो. त्यात अडकलेला अंश प्रयोगशाळेत वेगळा काढतात. सारखाच परिणाम करणारे २९ पदार्थ शोधायचे असतात : ७ डायॉक्सिने, १० फ्युराने आणि १२ पीसीबी. त्यातल्या सर्वांत विषारी पदार्थाचे वजन १ धरून बाकीच्यांचा हिस्सा त्यांच्या विषारीपणाप्रमाणे लावतात आणि बेरीज करतात. माप असते पिकोग्रॅमचे, म्हणजे एका ग्रॅमच्या लाख कोटी भागांपैकी एका भागाचे. जपानने वस्तीतल्या हवेसाठी वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ०.६ पिकोग्रॅम ठरवली आहे. आपल्याकडे २००९ साली हवेसाठी जी राष्ट्रीय मानके ठरली, त्यात १२ प्रदूषके आहेत, डायॉक्सिन नाही. रुग्णालयांचा कचरा जाळणाऱ्या भट्टीच्या चिमणीला २०१६ च्या नियमांनी मर्यादा घातली आहे. म्हणजे चिमणीला जाब विचारायची सोय आहे, रस्त्याला नाही.

या मोजणीतल्या दोन चाली मला नीतीच्या दृष्टीने मोलाच्या वाटतात. पहिली अशी : काम सुरू करतानाच नमुन्यात खूण केलेले डायॉक्सिन ठरावीक प्रमाणात मिसळतात, आणि शेवटी त्यातले किती हाती परत आले ते पाहतात. मोजणारा आपल्या हातून किती सांडले याचाही हिशेब देतो. दुसरी चाल याहून बोलकी आहे. यंत्राला एखादा पदार्थ दिसला नाही, तर तिथे सरळ शून्य लिहीत नाहीत. ‘या मर्यादेपर्यंत आढळला नाही’ असे लिहितात. ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ यांत जे अंतर आहे, त्यातच प्रामाणिकपणाची कसोटी आहे. आणि ‘मोजलेच नाही’ हे तर या दोहोंहून निराळे.

तरीही एक प्रश्न उरतो. जे कोणी मोजले नाही, त्याचा अपराधी कोण? २०१८ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या औरंगाबादेत नारेगावच्या कचरा डेपोकडे जाणाऱ्या गाड्या ग्रामस्थांनी अडवल्या. कचरा शहरात साचला. ७ मार्चला आमच्या पलीकडे मिटमिट्याला ग्रामस्थ आणि पोलीस यांच्यात संघर्ष पेटला. त्या दिवसांत ठिकठिकाणी कचऱ्याचे ढीग जळत होते. नारेगावकरांचे म्हणणे साधे होते : तुमचा धूर आम्ही किती वर्षे गिळायचा? त्यांनी काय गिळले, याची नोंद कोणाच्या वहीत आहे?

कोणी म्हणेल, मोजून काय साधणार? उगीच भीती वाढायची. मला हे पटत नाही. भीती आकड्याने वाढत नाही, अंधाराने वाढते. उलट, न मोजता वाळूजच्या प्रत्येक धुराड्याकडे बोट दाखवणे हाही अन्यायच. या २९ पदार्थांचे आपसातले प्रमाण उगमाप्रमाणे बदलते. त्यावरून दोष कारखान्याचा की पेटलेल्या कचऱ्याचा, याचा माग लागू शकतो. म्हणून मोजमाप हे श्वास घेणाऱ्याचे जसे रक्षण आहे, तसेच ज्याच्यावर आळ येतो त्याचेही. ते केवळ शास्त्राचे काम नव्हे. न्यायाची ती पहिली पायरी आहे. ती चढायची नाही असे ठरवणाऱ्याला अज्ञानाची सबब सांगता येत नाही. कारण ते अज्ञान त्याने स्वतःच राखलेले असते.

मात्र आकड्याची वाट पाहणे ही पळवाटही होऊ नये. दुसऱ्यावर आरोप करायला मोजमाप हवे. स्वतःचा हात आवरायला नको. पाडव्याच्या सकाळी मिठाईच्या खोक्यांचा, प्लॅस्टिकच्या वेष्टनांचा ढीग गल्लीत पडलेला असेल आणि थंडीचे निमित्तही असेल. त्या ढिगाला काडी लावायची की नाही, हे ठरवायला पिकोग्रॅम लागत नाही.