डोंगरावरची पोरं

तळोद्यातल्या एका दुकानातून मोबाइल गेला. घेताना कुणी कुणाला पाहिलं नव्हतं. तरी गल्ल्यावरचे शेठ म्हणाले, "आधी त्या डोंगरावरच्या पोरांना धरा." खताच्या गोण्यांपाशी उभा असलेला पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा धरला गेला. खिसे उलटे केले, तर एसटीचं तिकीट आणि तंबाखूची पुडी. एक थोबाडीत मात्र बसलीच.

समजा, त्यानंच घेतला असता. गावातल्या पोरानं उचलला की ती वयाची वांडगिरी, भिल्ल-पावऱ्याच्या पोरानं उचलला की जातीची खोड. एकाला त्याच्या कृत्यावरून जोखायचं, दुसऱ्याला त्याच्या जन्मावरून. जमातीच्या जमाती जन्मावरूनच गुन्हेगार ठरवणारा 1871चा गुन्हेगार जमाती कायदा होता, आणि 1952 साली त्या जमातींची त्यातून सुटका झाली. कायदा गेला, गल्ल्यावरची नजर राहिली.

माझे एक वकील मित्र म्हणतात, "नजर अनुभवातून येते. आणि सोळाव्या वर्षी कोण बाळ असतं?" वयाचं उत्तर सोपं आहे. 2015च्या बाल न्याय कायद्यानं सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर प्रौढांसारखा खटला चालवायची वाट ठेवली ती किमान सात वर्षं शिक्षेच्या, अतिगंभीर गुन्ह्यांसाठी. मोबाइलचोरीचा तिथं संबंधच नाही. अनुभवाचं काय म्हणावं? याच खानदेशात 1825 साली औट्रम नावाच्या इंग्रज साहेबानं, ज्यांना सरकार लुटारू म्हणत होतं त्याच भिल्लांची पलटण उभी केली. धरणगावला छावणी होती. लुटारू म्हणवले जाणारे बंदोबस्ताला उभे राहिले. खोड रक्तातली असती तर महिन्याच्या पगारानं गेली असती का? (साहेबाचे हेतू काही थोर नव्हते, तो भाग वेगळा.) मित्र यावर चहा मागवतात.

मी मात्र इतकी वर्षं कायद्याच्याच बाजूनं बोलत आलो. विधिसंघर्षग्रस्त बालकाला कोठडीत ठेवायचं नाही, नाव छापायचं नाही, ठरल्या मुदतीनंतर नोंदसुद्धा नष्ट करायची: याहून शहाणपण ते काय? पाड्यावरचे पंच मला मागासच वाटत. पळून लग्न केलेल्यांना ते लावतात तो दंड पाहता आजही वाटतात. पण पाड्यावर दंड ठरतो, भरला जातो, दोन्हीकडचे एकत्र बसून घोट घेतात आणि झगडा तुटतो. तो तुटलेला सगळ्यांनी पाहिलेला असतो. कायदा नोंद पुसतो ती कपाटातली. शेठना ती पुसल्याचं कधी कळतच नाही, आणि नाव लपवून उपयोग काय, पाडवी-वळवी-वसावे एवढं आडनाव इथं पुरतं.

म्हणून आता वाटतं, बाल न्याय मंडळ हवंच, पण त्याच्या जोडीला चारचौघांत झगडा तोडणारी एक बैठकही हवी. मात्र तिथं शेठनीही बसायला हवं, कारण पोरानं मोबाइल घेतला असेल तर त्याचा दंड ठरेल, आणि नसेल घेतला तर त्या थोबाडीतीचा दंडही त्याच बैठकीत ठरवावा लागेल.