पहिलं उत्तर त्यांचं

आईवडिलांना डॉक्टरकडे न्यायची तयारी म्हटली की आधी फाइल आठवते. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावायचे, जुना एक्स-रे शोधायचा, नंबर लावायचा, रिक्षा सांगून ठेवायची. हे सगळं करावंच लागतं आणि ते करणाऱ्या मुलीचा किंवा सुनेचा अर्धा दिवस त्यात जातो. पण तपासणीच्या खोलीत ज्याची सगळ्यात जास्त गरज पडते, ती गोष्ट फाइलमध्ये सापडत नाही. ती रुग्णाच्या तोंडून यावी लागते.

१९७५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या ८० नव्या रुग्णांपैकी ६६ जणांच्या बाबतीत, हकिकत ऐकून डॉक्टरांनी केलेलं निदान शेवटपर्यंत टिकलं. त्यानंतर तपासण्यांची यंत्रं कितीतरी सुधारली, तरी कोणती तपासणी करायची हे आजही हकिकतीवरूनच ठरतं. तिला वेळ मात्र फार थोडा मिळतो. २०१७ साली बीएमजे ओपनमध्ये ६७ देशांतल्या माहितीची तुलना छापून आली. प्राथमिक उपचारांसाठी गेलेल्या रुग्णाला भारतात डॉक्टरांची सरासरी दोन मिनिटं मिळतात, असं तिच्यात दिसलं. स्वीडनमध्ये बावीसहून जास्त.

या घाईमुळे सोबत गेलेला माणूसच बोलायला लागतो. मुलगा भराभर सांगतो, बाबांना चक्कर येते, जेवण कमी झालंय, रात्री झोप नाही. डॉक्टरही त्याच्याकडेच बघून विचारतात, "औषधं घेतात ना वेळेवर?" बाबा तिथेच स्टुलावर बसलेले असतात. त्यांच्याविषयी सगळं बोललं जातं, त्यांच्याशी कुणी बोलत नाही. आपल्या घरच्या शुश्रूषेतला सगळ्यात मोठा दोष मला हाच वाटतो. तो प्रेमापोटी घडतो, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

यात त्यांचा मान जातोच, उपचारही चुकू शकतो. 'चक्कर येते' एवढ्यावरून डॉक्टरांच्या हाती फारसं काही लागत नाही. घर गरगर फिरतंय असं वाटतं, अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो? पहिल्यात आतल्या कानाचा दोष असू शकतो. दुसऱ्यात रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोस जास्त होत असेल. तिसऱ्यात पायांच्या नसांपासून मेंदूपर्यंत बरंच काही पाहावं लागतं. नेमकं काय होतं हे बाबांनाच ठाऊक असतं.

म्हणून खरी तयारी दोन दिवस आधी, घरात निवांत बसून करायची असते. "तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" हा प्रश्न आईला विचारून बघा. आपल्या डोक्यात तिची शुगर असते; तिला खुपत असतं ते जमिनीवरून उठता न येणं. खोकताना लघवी होते, हे ती मुलासमोर बोलणार नाही. बाबा न्हाणीघरात पडल्याचं लपवतात, कारण ते कळलं तर एकट्याने फिरायला जाणं बंद होईल, अशी त्यांना धास्ती असते. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत चिठ्ठीवर उतरवावं. यातलं आपण काय बोललेलं चालेल, हेही विचारावं. आणि डॉक्टरांशी एकट्याने बोलायचं असेल, तर थोडा वेळ बाहेर थांबायची तयारी ठेवावी.

औषधांच्या बाबतीत मात्र कुणाच्याच आठवणीवर विसंबू नये. घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, ड्रॉप्स, मलमं, काढे, चूर्णं, शेजारणीने दिलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्यासुद्धा एका पिशवीत घालून न्याव्यात. आपल्याकडे एकच औषध अनेक कंपन्यांच्या नावांनी मिळतं. त्यामुळे दोन डॉक्टरांनी लिहिलेलं तेच औषध दोन नावांनी पोटात जात राहतं. मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्यावरची गोळी मधुमेही माणसाच्या मूत्रपिंडाला बाधू शकते. रक्त उपाशीपोटी द्यायचं म्हणून सकाळची रक्तदाबाची गोळी राहून जाते, मग दाब वाढलेला दिसतो आणि डोसही वाढवला जातो. कोणती गोळी घ्यायची आणि कोणती थांबवायची, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावं. इन्सुलिनचं तर नक्कीच. गोळी चुकली असेल तर तसं स्पष्ट सांगावं. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र बरोबर घ्यावं. प्रश्नच ऐकू आला नाही तर उत्तर कुठून येणार?

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची गोष्ट वेगळी. तिथे साक्षीदार आपणच. विसरणं कधीपासून सुरू झालं, संध्याकाळी वाढतं का, वाट चुकली का, हे आपल्यालाच सांगावं लागतं. तरीही त्यांच्यादेखत त्यांच्या चुकांची यादी वाचू नये. ती लिहून आधी डॉक्टरांकडे द्यावी. विस्मरण झालेल्या माणसालाही अपमान कळतो.

डॉक्टरांना एक विनंती आहे. तुमच्या ओपीडीत केवढी रांग असते ते आम्ही रोज पाहतो. पण हातात दोनच मिनिटं असली, तरी पहिला प्रश्न रुग्णाला विचारा. आणि सोबत गेलेल्यांनो, त्यांचं उत्तर पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नका. राहिलेलं सांगायला तुमच्या हातात चिठ्ठी आहेच.