स्तुती आणि साक्ष

आपल्या तोंडाने आपले गुण सांगू नयेत, ही शिकवण मराठी घरातील मुलास बाराखडीच्याही आधी मिळते. 'काम बोलेल' या विश्वासावर आमच्या वडिलांच्या पिढीने साऱ्या नोकऱ्या निभावल्या, आणि त्यांतील पुष्कळांचे काम खरोखर बोललेही. परंतु या संस्कारात वाढलेला अधिकारी जेव्हा कर्मचारी-प्रशिक्षण व्यवस्थापकाच्या पदासाठी अर्ज करावयास बसतो, तेव्हा अर्जातील एक रकाना त्याची वाट अडवितो: या पदास आपण योग्य कसे, ते सांगा. रकाना कोरा ठेवावा तर अर्ज बाद, आणि भरावा तर संस्काराशी द्रोह. प्रश्न दिसावयास कारकुनी आहे, पण मुळात तो नीतीचा आहे. मनुष्याने स्वतःविषयी बोलावे काय, आणि बोलावे तर कोणत्या अधिकाराने?

महाभारताच्या कर्णपर्वात या प्रश्नाला मोठे कडक उत्तर मिळते. 'गांडीव दुसऱ्यास देऊन टाक' असे जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. आणि संतापाच्या भरात नेमका युधिष्ठिरच तसे बोलून गेला. वडीलधाऱ्याचा अवमान हाच त्याचा वध, तेवढ्याने प्रतिज्ञा पुरी होईल, अशी तोड श्रीकृष्णाने काढली. अवमान करून झाल्यावर पश्चात्तापाने अर्जुन स्वतःचाच अंत करावयास निघाला. तेव्हा श्रीकृष्णाने त्यास सांगितले, की स्वतःच्या गुणांचे वर्णन कर. आत्मस्तुती हीच आत्महत्या होय. ज्या परंपरेने आत्मस्तुतीची गणना मरणात केली, तिच्या वारसाला मुलाखतीच्या दालनात घाम फुटला तर नवल नाही.

आता हे पद कोणते, तेही पाहिले पाहिजे. दिल्लीचे सचिवालय प्रशिक्षण विद्यालय १९४८ साली सुरू झाले, वडोदऱ्यास रेल्वे स्टाफ कॉलेज १९५२ साली आले, मसुरीची प्रशासन अकादमी १९५९ साली स्थापन झाली. २०१२ च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणाने प्रत्येक खात्यास वेतनाच्या तरतुदीपैकी किमान २.५ टक्के रक्कम केवळ प्रशिक्षणासाठी राखावयास सांगितले, आणि २०२० साली केंद्र सरकारने 'मिशन कर्मयोगी' हाती घेतले. इतके असूनही कचेऱ्यांतून अजून असे बोलले जाते, की ज्यास कोठे बसवावे हे कळत नाही त्यास प्रशिक्षण-केंद्रात धाडावे. हा समज ज्या केंद्रात खरा ठरतो तेथील नुकसान शेवटी कोण सोसतो? निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन तिसऱ्यांदा खिडकीशी उभा राहणारा म्हातारा. खिडकीमागच्या कारकुनास नियम कोणी नीट शिकविलाच नाही, याचा दंड तो भरीत असतो. म्हणून योग्य मनुष्याने संकोचाने अर्जच न करणे हा निव्वळ विनय नव्हे. त्या विनयाची किंमत दुसऱ्यास मोजावी लागते.

तथापि अर्ज करण्यापूर्वी एक तयारी एकांतात करावी लागते, आणि ती म्हणजे हेतूची तपासणी. फिरतीचा कंटाळा, मुलांची दहावी-बारावी, गावाकडील आईवडिलांचे आजारपण, एका जागी तीन-चार वर्षे मिळण्याची आशा: परप्रांतात नोकरी करणाऱ्यास ही कारणे समजावून सांगावी लागत नाहीत. त्यांत लाजिरवाणे काहीच नाही. मात्र ती गरजेची कारणे आहेत, योग्यतेची नव्हेत. ज्याच्यापाशी दुसऱ्या जातीचे एकही कारण निघत नाही, त्याने बदलीचा अर्ज करावा. प्रशिक्षकाचा करू नये.

योग्यतेची कसोटी कोणती, याची चर्चा कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'च्या पहिल्या अंकात करून ठेविली आहे. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, असा वाद राजापुढे येतो. पंडिता कौशिकी परीक्षक होते आणि सांगते, की कोणाची विद्या त्याच्या स्वतःच्या ठायी शोभते, कोणास ती दुसऱ्यास देण्याची हातोटी असते, आणि दोन्ही ज्याच्यापाशी आहेत त्यासच शिक्षकांत अग्रस्थान द्यावे. मग परीक्षा होते ती आचार्यांच्या भाषणाची नव्हे, शिष्येच्या नृत्याची. या साऱ्या प्रकरणाच्या मागे राजाला मालविका दिसावी हा विदूषकाचा डाव असतो. निवड-समितीच्या मनात भलताच हेतू असण्याची तक्रार तेव्हा फारशी नवी दिसत नाही! पण डाव विदूषकाचा असला तरी कसोटी खरी आहे. गणदासाचेही एक मत ध्यानात ठेवण्यासारखे आहे: पद मिळाले म्हणून जो वादास भितो आणि ज्याची विद्या पोटापुरतीच उरते, तो विद्येचा वाणी होय. परीक्षेस सामोरे जाणे हा त्याला आपल्या विद्येचा मान वाटतो.

आमच्या मते या प्रसंगात मूळ अडचणीचा उलगडा आहे. स्तुती आणि साक्ष या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्तुतीला पुरावा लागत नाही आणि उलटतपासणी सोसत नाही. साक्षीदार मात्र पाहिले तेवढेच सांगतो, विचारल्यास आपल्या विरुद्ध जाणारेही सांगतो, आणि पुढच्या प्रश्नासाठी उभा राहतो. 'मी उत्तम शिकवितो' ही स्तुती झाली. 'अमुक शाखेत रजेच्या हिशेबात वारंवार चुका होत होत्या. तेथील कारकुनांस मी चार दिवस खऱ्या सेवापुस्तकांवर काम करावयास लाविले. सहा महिन्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा अमुक चुका थांबल्या होत्या आणि तमुक तशाच होत्या', ही साक्ष झाली. पहिल्या वाक्याचा कर्ता उमेदवार आहे. दुसऱ्याच्या केंद्रस्थानी शिकणारे आहेत.

अशी साक्ष उभी करणे हीच मुलाखतीची खरी तयारी. १९५९ साली डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अध्यापकाने प्रशिक्षणाचे मोजमाप चार पायऱ्यांवर मांडले: शिकणाऱ्यास ते कसे वाटले, तो काय शिकला, कामावर परतल्यावर त्याचे वागणे बदलले काय, आणि संस्थेला त्याचे फळ काय मिळाले. उमेदवार बहुधा पहिल्याच पायरीवर थांबतात, कारण अभिप्रायाचे कागद हाताशी असतात. पण शिबिराच्या अखेरच्या दुपारी, गाडीची वेळ जवळ आली असता, प्रत्येकजण 'उत्तम' हेच लिहितो. त्यापेक्षा आपण पूर्वी शिकविलेल्या दहा जणांस विचारावे, की तुम्ही आता कोणती गोष्ट वेगळ्या रीतीने करता? उत्तरे ऐकून कधी समाधान होईल, कधी चरफड होईल. दोन्ही टिपून ठेवावीत. ज्या संस्थेत जावयाचे तिच्या माणसांना कोणत्या कामात अडते ते शोधावे. दहा मिनिटांचा एक पाठ तयार करून विषयाशी अनभिज्ञ अशा कोणापुढे म्हणून पाहावा.

यावर कोणी म्हणेल, की उत्तरे आधी घोकून ठेवणे हे तरी सोंगच नव्हे काय? गवयाच्या रियाजाला आपण सोंग म्हणत नाही, कारण रियाजाने आवाज त्याचाच राहतो, केवळ स्वच्छ होतो. दुसऱ्याचा अनुभव आपला म्हणून सांगणे, किंवा 'माझा दोष म्हणजे मी फार काम करतो' असले बाजारी उत्तर पाठ करणे, हे मात्र सोंगच. ओळखण्याची खूण सोपी आहे: उत्तरामागून आणखी दोन प्रश्न आले तर उमेदवाराची जमीन सरकते की नाही?

येथे 'आम्ही' या शब्दाविषयीही एक इशारा देणे प्राप्त आहे. संपादकाच्या मंचावर तो खपतो. मुलाखतीत तो संशयास्पद ठरतो. 'आम्ही अभ्यासक्रम नवा केला' या वाक्यात संकोची मनुष्य स्वतःचे श्रम लपवितो, तर लोभी मनुष्य दुसऱ्यांचे श्रम पदरात पाडून घेतो. ऐकणाऱ्यास दोघे सारखेच. मी काय केले आणि सहकाऱ्यांनी काय केले, हे निरनिराळे सांगण्यात उद्धटपणा नाही. तो हिशेबाचा चोखपणा आहे.

परमुलुखात राहिलेल्या आपल्या वाचकांपाशी या बाबतीत एक भांडवल आहे, आणि त्याची नोंद ते अर्जात क्वचितच करतात. कोलकात्याच्या किंवा चेन्नईच्या कचेरीत पहिल्या दिवशी ज्यास चहा मागावयास शब्द सापडला नाही, ज्यास टिपणी कळली पण भोवतालचे हसणे कळले नाही, त्यास न समजणे म्हणजे काय हे ठाऊक असते. पुष्कळ विद्वान शिकविण्यात अपुरे पडतात ते ज्ञान कमी म्हणून नव्हे. आपणांस एके काळी हे येत नव्हते, याचा त्यांना विसर पडलेला असतो. हा विसर ज्याला पडला नाही, जो मागच्या बाकावरील गप्प माणसाचे मौन ओळखतो, त्याने ते निःसंकोच सांगावे, आणि शक्य तर उदाहरणाने सांगावे.

साक्ष देणाऱ्याला निकाल आपल्या बाजूने लागेलच अशी हमी नसते. समिती चुकू शकते, आणि दुसरा उमेदवार खरोखर अधिक लायकही असू शकतो. त्या दुसऱ्या शक्यतेला मनात जागा देणे हाही तयारीचाच भाग होय. परंतु पद मिळो वा न मिळो, आपण शिकविलेली माणसे आज काय करीत आहेत हे ज्याने एकदा जाऊन पाहिले, तो पुढच्या वर्गात शिरताना पूर्वीपेक्षा बरा शिक्षक झालेला असतो. अर्जाचा रकाना भरावयाचा तो एवढ्यासाठी तरी भरावा.