रसिकाचा हक्क कोठवर?

ज्याची त्याची आवड निराळी, तिच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, असे व्यवहारी माणसे सांगत असतात. तरीही माणसे वाद घालतात, आणि जिच्यावर जीव जडला आहे अशा गोष्टीविषयी तर हिरीरीने घालतात. अमेरिकेतील गीतकार-गायक बॉब डिलन यांच्या चाहत्यांचा वाद हा याचा ठळक मासला होय. १९६२ साली त्यांची पहिली तबकडी निघाली. २०१६ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि त्यांचा सर्वोत्तम अल्बम कोणता, हा प्रश्न त्यांच्या रसिकांनी कधी मिटू दिला नाही. कोणी १९६५ चा ‘हायवे ६१ रिव्हिजिटेड’ पुढे करतो, कोणी १९६६ चा ‘ब्लाँड ऑन ब्लाँड’, कोणी १९७५ चा ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’, तर कोणी १९९७ चा ‘टाइम आउट ऑफ माइंड’. या वादाचा निकाल लावणे हा आमचा हेतू नाही. असा वाद घालणाऱ्या रसिकाला कोणता हक्क असतो आणि तो कोठे संपतो, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

डिलन प्रथम नावारूपास आले ते साधी गिटार व हार्मोनिका यांच्या साथीने गायिलेल्या, लोकगीतांच्या वळणाच्या गाण्यांमुळे. अन्यायाविरुद्ध उठलेल्या तरुण पिढीला ती आपलीच वाणी वाटली. पुढे २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्ट येथील लोकसंगीत-महोत्सवात ते विजेवरची गिटार घेऊन उभे राहिले आणि श्रोत्यांतून निषेधाचे सूर उठले. तो रोष नव्या संगीतावर होता की नीट ऐकू न येणाऱ्या आवाजावर, याविषयी हजर असलेल्यांतही एकमत नाही. परंतु १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये एका श्रोत्याने त्यांना उद्देशून ‘जुडास’ अशी आरोळी दिली, तिचा अर्थ उघड होता. जुडास म्हणजे येशू ख्रिस्ताचा घात करणारा शिष्य. वाद्य बदलले, म्हणून विश्वासघाताचा आरोप!

त्या श्रोत्याचे दुःख खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. ज्या गाण्यांनी धीर दिला, त्यांचा कर्ता दुसऱ्या वाटेने निघून गेला, तर मागे राहिलेल्यास पोरके वाटणारच. पण विश्वासघात व्हावयास आधी वचन दिलेले असावे लागते. आपण तसेच गात राहू, असे वचन त्या २४ वर्षांच्या तरुणाने कोणास दिले होते? श्रोत्याने तिकिटाचे दाम मोजले ते त्या रात्रीच्या गाण्याचे. गाणाऱ्याच्या उर्वरित आयुष्याचे नव्हे.

अभिनवगुप्तांनी रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. स्वतःच्याच सुखदुःखाच्या आहारी जाणे हे त्यांपैकी एक. चाहत्यांच्या वादात हे विघ्न फार सूक्ष्म रूपाने शिरते. विसाव्या वर्षी ऐकलेली तबकडी सर्वश्रेष्ठ, असे मनुष्य म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो आपल्या विसाव्या वर्षाचीच थोरवी गात असतो. त्यात लज्जास्पद काही नाही. मात्र ‘हे मला प्रिय आहे’ आणि ‘हे उत्तम आहे’ ही दोन निरनिराळी विधाने आहेत. पहिल्याला पुरावा लागत नाही. दुसऱ्यासाठी स्वतःपासून चार पावले दूर व्हावे लागते.

वाद सत्कारणी लागतो तो असा. ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ची दहा गाणी सप्टेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथे मुद्रित झाली होती. त्यांपैकी पाच डिलन यांनी डिसेंबरमध्ये मिनिॲपोलिस येथे नव्या साथीदारांसह पुन्हा गायिली. आधीची एकाकी, दबलेली गायकी खरी की नंतरची आवेगाची, यावर रसिक आजही भांडतात. असे भांडता भांडता ते स्वराचा एकेक चढउतार आणि शब्दाचा एकेक बदल कान देऊन ऐकू लागतात. वेष्टने आधीच छापून झाल्यामुळे मिनिॲपोलिसच्या वादकांची नावे त्यांवर आली नव्हती. त्यांच्या कामगिरीची आठवण जागी ठेवण्यात अशा बारकाईने ऐकणाऱ्यांचाही वाटा आहे. हा वाद प्रेमाचा आहे, कारण तो कृतीकडे नेतो.

यापेक्षा बिकट कसोटी १९७९ साली आली. डिलन यांनी ख्रिस्ती श्रद्धेचा नव्याने स्वीकार केला, ‘स्लो ट्रेन कमिंग’ हा भक्तिगीतांचा अल्बम काढला, आणि त्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथील कार्यक्रमांत जुने एकही गीत न गाता केवळ नवी भक्तिगीते गायिली. अनेक श्रोते नाराज झाले. ज्या श्रद्धेत आपण सहभागी नाही तिच्या गीताला उत्तम म्हणता येईल काय? देवळाच्या सभामंडपात बसणाऱ्या आपणांस हा प्रश्न परका वाटू नये. आपले भजन ऐकून एखादा परधर्मीय तल्लीन झाला तर आपणांस संतोष होतो. त्याने आधी आपला देव मानावा, अशी अट आपण घालीत नाही. मग तेच औदार्य दुसऱ्याच्या भक्तीविषयी दाखविणे हे आपले कर्तव्य ठरते. औदार्य म्हणजे सरसकट स्तुती मात्र नव्हे. गीत नीरस असेल तर तसे म्हणावे. परंतु ते नीरस आहे म्हणून म्हणावे, परक्या देवाचे आहे म्हणून नव्हे.

तेव्हा रसिकाचा हक्क कृतीवर चालतो, कर्त्यावर नाही. तबकडी थोर की सामान्य, हे त्याने निःशंकपणे सांगावे. गायकाने कोठे थांबावे, काय मानावे, हे सांगू नये. आणि वादास बसण्यापूर्वी स्वतःस एक प्रश्न विचारावा: जे मला प्रिय नाही, पण उत्तम आहे, असे या गायकाचे एखादे गीत मी सांगू शकेन काय? ज्याला सांगता येईल त्याच्या मताला वजन आहे. ज्याला येणार नाही, त्याने आणखी थोडे ऐकावे.