शंका कुणी घ्यायची?

1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केलं. मूळचे ते जगन्नाथ गणेश गुणे. मालसरच्या माधवदासजींचे शिष्य. त्यांना जे लिहायचं होतं त्यासाठी आयती जागा कुठेच नव्हती. वैद्यकाच्या जगात योगाला पत नव्हती आणि साधकांच्या जगात यंत्राला. म्हणून छापायची जागा त्यांनी स्वतःच उभी केली. मावळातलं स्वप्रकाशनाचं याहून भक्कम उदाहरण मला माहीत नाही. साहित्याच्या चर्चेत मात्र ते कधी निघत नाही, कारण आपण त्याला योगाच्या खात्यावर टाकून मोकळे झालो आहोत.

या त्रैमासिकाचे सुरुवातीचे अंक पाहण्यासारखे आहेत. शास्त्रीय, अर्धशास्त्रीय आणि सर्वसामान्यांसाठी असे वेगवेगळे विभाग, सोबत छायाचित्रं आणि क्ष-किरणचित्रं. बस्ती या आतडं धुण्याच्या क्रियेत नौली, म्हणजे पोटाच्या स्नायूंची घुसळण, केल्यावर पाणी आपोआप वर चढतं, ते कशामुळे? परंपरेचं उत्तर वायूचं होतं. कुवलयानंदांनी पाऱ्याचा दाबमापक लावून पाहिलं. नौलीत आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि पाणी ओढलं जातं, असं त्यांना आढळलं. त्या निर्वात स्थितीला त्यांनी गुरूंचं नाव दिलं; पुरावा म्हणून मात्र गुरूंचा शब्द पुढे केला नाही, मोजमाप छापलं. ज्याला पटणार नाही त्याने स्वतः मोजून पाहावं, अशी सोय करून ठेवली. पुढे 1930च्या दशकात येल विद्यापीठाचे कोवूर बेहानन लोणावळ्याला येऊन त्यांच्याकडे शिकले आणि 1937 साली योगाची शास्त्रीय तपासणी करणारं त्यांचं पुस्तक निघालं.

प्रकाशकाचं मुख्य काम छपाई नव्हेच. लेखकावर त्याच्या भल्यासाठी शंका घेणं, हे त्याचं काम. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्याकडे व्यवसाय संशयाने बघतो तो यामुळे, आणि तो संशय मला अन्यायाचा वाटत नाही. अन्याय होतो तो पुढच्या पायरीवर, ‘ज्याच्यावर प्रकाशकाने शंका घेतली नाही त्याच्यावर कुणीच घेतली नसणार’ असं धरून चालण्यात. कुवलयानंदांनी ती जबाबदारी स्वतःकडे घेतली होती.

ती घेतली नाही तर काय होतं, तेही मराठीत दिसतं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली ‘निबंधमाला’ काढली आणि तिचे 84 अंक जवळजवळ एकहाती लिहिले. पहिली पाचेक वर्षं सरकारी नोकरी सांभाळून. त्या गद्याचं ऋण मी मानतो. मराठी निबंधाला ताठ कणा तिथे मिळाला. पण त्याच मालेत जोतीराव फुल्यांची जी टवाळी आहे, ती आज वाचवत नाही. ‘शास्त्रीबुवा, माणूस काय म्हणतोय ते आधी ऐका, व्याकरण मागून बघू,’ असं म्हणणारा कुणी त्या मजकुराच्या वाटेत उभा नव्हता.

दारावर पहारा असला म्हणजे न्याय होतोच, असंही नाही. फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ हे नाटक 1855 साली दक्षिणा प्राइझ कमिटीकडे गेलं आणि तिथून नाकारलं गेलं. त्यांच्या हयातीत ते छापलंच गेलं नाही. त्या कमिटीने शंका घेतली खरी, पण ती नाटकावर होती की नाटककाराच्या जातीवर, हे आता वेगळं सांगायला नको.

आजचा व्यवहार तर याहून गढूळ आहे. मराठीत कितीतरी कवितासंग्रहांवर नाव प्रकाशकाचं असतं, पैसे कवीचे असतात आणि संपादन कुणाचंच नसतं. छापलेल्या प्रतींचे गठ्ठे कवीच्याच घरी पलंगाखाली येऊन पडतात. तरीही हे पुस्तक ‘प्रकाशित’, आणि उघडपणे स्वतःच्या नावावर काढलेलं ते ‘हौशी’! ही प्रतवारी मला मान्य नाही. आता मागणीनुसार पन्नास-शंभर प्रती छापून मिळतात आणि आयएसबीएन क्रमांक सरकारकडून फुकट मिळतो. नाव उसनं घेण्याचं कारण उरलेलं नाही.

म्हणून वडगाव-कामशेतच्या एखाद्या तरुण लेखिकेने विचारलं, तर मी सांगेन की छापखान्याआधी संपादकाला पैसे दे. मुखपृष्ठ साधं चालेल, मुद्रितशोधन चुकवू नको. तुझं लिखाण न आवडणाऱ्या एका जाणत्या माणसाला हस्तलिखित वाचायला दे आणि त्याने समासात केलेल्या खुणांवर महिनाभर बस. पहिल्या शंभर प्रती स्वतः विक आणि विकत घेणाऱ्याचं नाव-पत्ता वहीत टिपून ठेव, कारण दुसरं पुस्तक आधी त्याच माणसांना कळवायचं आहे. विक्रेत्याचं कमिशन चाळीस टक्क्यांपर्यंत जातं, तेव्हा किंमत ठरवताना तो आकडा आधी मांड. नोकरी इतक्यात सोडू नको. शास्त्रीबुवांनीही 1879 पर्यंत सोडली नव्हती.