पाकिटातील चेहरा

आतल्या सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन कारखानदार कागदी पाकिटात पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. त्या कोऱ्या तुकड्यावर रंगभूमीवरील नटीचे छायाचित्र छापले, तर संच पुरा करण्याच्या हौसेने गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट मागते, हे त्यांच्या ध्यानी आले. बॉन्सॅकच्या यंत्रातून दिवसाला लाखभर सिगारेटी बाहेर पडत होत्या. ओढणारे तेवढे नव्हते. ते घडवावयाचे होते.

नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅमचा ड्यूक कारखाना ह्या कामी आघाडीवर होता. त्याचे संस्थापक वॉशिंग्टन ड्यूक हे श्रद्धाळू मेथडिस्ट. १८९४ साली एका धर्मोपदेशकाने त्यांना ह्या चित्रांविरुद्ध पत्र लिहिले. ते त्यांनी आपला मुलगा जेम्स ह्याच्याकडे धाडले आणि असली चित्रे तरुण मनांना नासवतात, ती बंद कर, असे कळविले. (उपदेशकाचे पत्र कारखानदाराने मनावर घेतले, ह्याचेच मला आधी अप्रूप वाटले!) तंबाखूच्या घातकतेचे ज्ञान त्या काळी अपुरे होते, तो दोष मी त्यांच्या माथी मारणार नाही. मात्र बापाला चिंता होती ती चित्र पाहणाऱ्याची. चित्रात जी उभी होती तिचे काय?

कायदाही तिच्याकडे पाहत नव्हता. १८८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑस्कर वाइल्डच्या छायाचित्राचा हक्क छायाचित्रकार सॅरोनीला दिला. पुढे एका तरुणीचा चेहरा तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीच्या २५,००० प्रतींवर झळकला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तिची दाद फेटाळली. लोक संतापले आणि १९०३ मध्ये तेथे लेखी संमतीचा कायदा झाला.

माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कांटचे सूत्र आम्ही सेमिनरीत घोकले. अडचण आहे ती ‘केवळ’ ह्या शब्दापाशी. लिली लँग्ट्रीने पेअर्स साबणाची जाहिरात राजीखुशीने केली. मग संमती असली की प्रश्न मिटला काय? मला तसे वाटत नाही. नटीची कला तिच्या आवाजात, चालण्याबोलण्यात, वर्षानुवर्षांच्या तालमीत असते. पाकिटात त्यातले काहीच येत नाही. येते ते फक्त आमिष.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जेफरसन बर्डिक ह्यांनी जमविलेले तीन लाखांवर छापील कागद जतन केले आहेत. त्यांत ही कार्डेही आहेत. काहींच्या नोंदीत नटीचे नाव आहे. कित्येकांच्या नोंदीत नुसते ‘अभिनेत्री’ एवढेच, आणि पुढे कारखान्याचे नाव.