आवृत्ती बदलली, ब्राउझर तोच का?

एकाच ब्राउझरच्या दोन आवृत्त्या एका संगणकावर नांदवायच्या, तर पॅकेज बांधणाऱ्याला आधी ठरवावे लागते की या दोन वस्तू आहेत की एकाच वस्तूची दोन रूपे. लिनक्सवर आधारलेल्या डेबियन या कार्यप्रणालीच्या ‘अस्थिर’ शाखेत फायरफॉक्सची दोन पॅकेजे आहेत. ‘फायरफॉक्स’ दर काही आठवड्यांनी नवे होते. ‘फायरफॉक्स-ईएसआर’मध्ये सुमारे वर्षभर नव्या सोयी येत नाहीत, मुख्यतः सुरक्षा-दुरुस्त्या येतात. एका नावाखाली पॅकेज-व्यवस्था एकच आवृत्ती ठेवते. नवी आली की जुनी निघते. म्हणून नावे दोन करावी लागली, फाइलींच्या जागाही वेगळ्या ठेवाव्या लागल्या. संगणकाच्या हिशेबी त्या दोन वस्तू झाल्या, वापरणारा मात्र दोघांनाही फायरफॉक्सच म्हणतो.

कोणाचे खरे मानायचे? भारतीय तत्त्वज्ञानात हा वाद जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात बौद्ध भिक्षू नागसेन मिलिंद राजाला त्याच्याच रथाविषयी विचारतो: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? राजाला शेवटी मान्य करावे लागते की भागांच्या विशिष्ट जुळणीला व्यवहारासाठी दिलेले नाव म्हणजे रथ. न्याय-वैशेषिक दर्शनांच्या अनुयायांना हे पटत नाही. त्यांच्या मते अवयवी हा अवयवांहून वेगळा, खराखुरा पदार्थ आहे. धाग्यांहून कापड निराळे. पण ही भूमिका दिसते त्याहून कठोर आहे. कापडातून एक धागा ओढून काढला, तर जुने कापड नष्ट होऊन दुसरे उत्पन्न होते, असेच त्यांना म्हणावे लागते.

हीच कठोरता ‘निक्स’ या पॅकेज-व्यवस्थेत जशीच्या तशी आढळते. तिथे प्रत्येक पॅकेजच्या नावाआधी ३२ अक्षरांची एक खूण असते. मूळ सोर्स कोड, कंपायलर, बांधणीच्या सूचना, लागणाऱ्या लायब्ररी या सगळ्यांवरून ती काढली जाते. फायरफॉक्सच्या कोडमधली एक ओळही न बदलता केवळ एखादी लायब्ररी बदलली, तरी खूण बदलते आणि नवे पॅकेज जुन्याशेजारी वेगळ्या जागी बसते. त्यामुळे अनेक आवृत्त्या भांडण न करता एकत्र राहतात. तांत्रिकदृष्ट्या हा तोडगा फार सुंदर आहे. मात्र त्यात ‘तोच ब्राउझर’ असे म्हणायला जागाच उरत नाही, आणि माणसाचा व्यवहार तर त्याच शब्दांवर चालतो.

नावाचा प्रश्न किती खोल जातो, हे डेबियनच्याच इतिहासात दिसते. फायरफॉक्सचे बोधचिन्ह मुक्त परवान्याखाली नव्हते, म्हणून डेबियनने ते वगळून नाव तेवढे ठेवले होते. २००६ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने हरकत घेतली: बोधचिन्हाशिवाय नाव वापरता येणार नाही, आणि कोडमध्ये केलेले बदल आधी दाखवून मंजूर करून घ्यावे लागतील. डेबियनची रीत वेगळी होती. स्थिर आवृत्तीत ब्राउझर जुनाच ठेवायचा आणि नव्या आवृत्तीतल्या सुरक्षा-दुरुस्त्या त्या जुन्या कोडला लावायच्या. अखेर नाव बदलले. २००७ साली आलेल्या डेबियन ४.० मध्ये तो ब्राउझर ‘आइसवीझल’ नावाने मिळू लागला. २०१६ मध्ये समेट झाला आणि फायरफॉक्स हे नाव परतले.

या वादाकडे अहंकाराची लढाई म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. दोन्ही बाजूंना जबाबदारीची चिंता होती. मोझिलाला न पाहिलेल्या बदलांचा दोष आपल्या नावावर नको होता. डेबियनला वापरणाऱ्यांना दिलेला स्थिरतेचा शब्द पाळायचा होता. नागसेनाकडे जबाबदारीच्या प्रश्नाचेही उत्तर आहे. त्याच्या एका दृष्टांतात आंबे चोरणारा म्हणतो, मालकाने लावलेले आंबे वेगळे होते आणि मी नेले ते वेगळे. तरीही तो दोषी ठरतो, कारण नेलेले आंबे लावलेल्या आंब्यांपासूनच आले. वस्तू तीच राहिली नाही तरी कारणांची साखळी तुटत नाही, आणि जबाबदारी त्या साखळीतून पुढे जाते. जुन्या आवृत्तीतली चूक दुरुस्त करणाऱ्याला आधीच्यांचे काम वारशाने मिळते, तसे ओझेही मिळते.

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९४ मध्ये व्यक्तीची ओळख शरीरात न शोधता जाणिवेत आणि स्मृतीत शोधली. ब्राउझरची स्मृती म्हणजे त्याचे प्रोफाइल: वाचनखुणा, साठवलेले पासवर्ड, पाहिलेल्या पानांचा इतिहास. २०१९ मधल्या फायरफॉक्स ६७ पासून शेजारी बसवलेल्या प्रत्येक फायरफॉक्सला स्वतंत्र प्रोफाइल मिळते, आणि नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुनी आवृत्ती सहजी उघडत नाही. नव्याला जुन्याची स्मृती घेता येते, उलट दिशेने मात्र धोका असतो. साठवणीची मांडणी बदललेली असल्याने माहिती बिघडू शकते. लॉकच्या कसोटीने हे दोन ब्राउझर दोन व्यक्ती ठरतात, कोड जवळजवळ सारखा असला तरी.

यातली एकच कसोटी सगळीकडे लावता येत नाही. फाइली कुठे ठेवायच्या हे ठरवताना निक्सची काटेकोर वेगळीक योग्य आहे. वापरणाऱ्याची माहिती जपताना स्मृतीची कसोटी लावावी लागते. पण सुरक्षेत भोक सापडले की दोन्ही अपुऱ्या पडतात, आणि नागसेनाची बाजू सर्वांत भक्कम ठरते. त्या वेळी वस्तू तीच की वेगळी याने काही अडत नाही, दुरुस्ती कोण करणार याने अडते. डेबियनच्या नियमांनुसार प्रत्येक पॅकेजच्या माहितीत ते सांभाळणाऱ्या व्यक्तीचे किंवा गटाचे नाव असणे बंधनकारक आहे. आवृत्त्या कितीही झाल्या तरी हा नियम सैल होता कामा नये.